कोरियांतील मंडळी व तिचा पाळक

मंडळी आधीं कीं पाळक आधीं, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाहीं. उपदेशक येतो, चार कुटुंबें जमतात, पुढें प्रार्थनामंदिर उभें राहतें, आणि मंडळी झाली असें आपण म्हणतों. कोरिया देशांत हा क्रम पुष्कळ अंशीं उलट घडला. तेथें मंडळी आधीं जमली व पाळक मागाहून आला. आमच्या समजुतीप्रमाणें त्या देशांतील ख्रिस्ती मंडळीचें बळ कोणतें व तिचें दुखणें कोणतें, हीं दोन्हीं कळण्यास ही एक गोष्ट ध्यानांत धरणें अवश्य आहे. विद्यार्थी वाचकांनीं चीन व जपान यांच्या मध्यें समुद्रांत शिरलेलें तें द्वीपकल्प नकाशांत एकदां पाहून घ्यावें, म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपी जाईल.

रोमन कॅथलिक मंडळीचा आरंभच असा आहे. ई सुंग-हून या तरुण विद्वानानें १७८४ सालीं पेकिंग येथें जाऊन बाप्तिस्मा घेतला, आणि परत येऊन आपल्या मित्रमंडळींत उपासना सुरू केली. त्या लोकांस पहिला धर्मगुरु मिळण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. प्रॉटेस्टंट मंडळीची गोष्टही निराळी नाहीं. मांचुरियांतील मुकदेन शहरीं जॉन रॉस या स्कॉटिश मिशनऱ्यानें कांहीं कोरियन व्यापाऱ्यांच्या साह्यानें लूक व योहान यांचीं शुभवर्तमानें कोरियन भाषेंत आणून १८८२ सालीं छापविलीं. संपूर्ण नवा करार १८८७ सालीं निघाला. हीं पुस्तकें चिनी अक्षरांत नव्हतीं. सेजोंग राजानें १४४६ सालीं प्रजेच्या सोयीसाठीं जी सुलभ लिपि प्रसिद्ध केली, आणि जिला पंडित लोक बायकांची व अडाण्यांची लिपि म्हणून नाकें मुरडीत, त्या हांगुल लिपींत तीं छापलीं होतीं. संस्कृताच्या अभिमान्यांनीं प्राकृतास कसें लेखिलें, हें ज्यांस ठाऊक आहे त्या मराठी वाचकांस याचें महत्त्व समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

त्या पुस्तकांचें गांठोडें घेऊन सरहद्द ओलांडणारांपैकीं सो सांग-र्युन हा एक होता. तो पश्चिम किनाऱ्यावरील ह्वांगहे प्रांतांत सोरे नांवाच्या खेड्यांत येऊन राहिला, आणि तेथें हळूहळू उपासनेसाठीं माणसें जमूं लागलीं. अमेरिकेहून अंडरवुड व अपेन्झेलर हे दोन मिशनरी १८८५ सालच्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस, पुनरुत्थानाच्या सणाच्या दिवशीं, इंचॉन बंदरांत उतरले. दोन वर्षांच्या आंतच सोरे गांवचे लोक अंडरवुडसाहेबांकडे राजधानीस, म्हणजे सोल शहरीं, येऊन आपण होऊन बाप्तिस्मा मागूं लागले. पेरावयास आलेल्या मनुष्यास उभें पीक दिसावें, तसा हा प्रकार झाला. पुढें १८९५ सालीं या सोरेकरांनीं प्रार्थनामंदिर बांधलें, तेंही आपल्याच पैशानें व आपल्याच श्रमांनीं.

हें स्वावलंबन टिकलें त्याचें थोडें श्रेय नेव्हियस नांवाच्या एका वृद्ध मिशनऱ्यास दिलें पाहिजे. ते चीन देशांत शांटुंग प्रांतीं काम करीत. १८९० सालीं ते सोल येथें सुमारें दोन आठवडे राहिले, आणि तेथील तरुण मिशनऱ्यांस त्यांनीं आपला अनुभव सांगितला. त्याचें सार असें कीं, बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्यास त्याच्या धंद्यांतून उठवूं नये. त्यानें शेतांत, दुकानांत व शेजारांत राहूनच साक्ष द्यावी. मंदिर बांधावयाचें तर गांवच्या रीतीचें व गांवच्या ऐपतीचें असावें. उपदेशक ठेवावयाचा तर मंडळीस पोसतां येईल तेव्हांच ठेवावा. परदेशी पैशानें पगार देऊन मनुष्य ठेवला कीं तो पगार देणाराकडे पाहतो, मंडळीकडे पाहत नाहीं, हें त्यांस चीनमध्यें दिसून आलें होतें. ही सूचना नुसती कागदावर राहती तर आज तिची कोणास आठवणही राहिली नसती. परंतु कोरियांतील प्रेस्बिटेरियन मिशननें ती व्यवहारांत आणली.

व्यवहारांत म्हणजे कशी, तें पाहण्यासारखें आहे. घरची बाई भात शिजविण्यासाठीं तांदूळ काढी, तेव्हां प्रत्येक वेळीं त्यांतील चमचाभर किंवा मूठभर तांदूळ निराळ्या पिशवींत टाकी. ही पिशवी रविवारीं मंदिरांतील पेटींत रिकामी होई, आणि त्या तांदळावर उपदेशकाचें घर चाले. या तांदळास सॉंगमी, म्हणजे पवित्र तांदूळ, म्हणत. ज्या घरीं नाणें दिसत नसे, तें घरही यामुळें देणाऱ्यांच्या यादींत येई. दुसरी रीत दिवसांच्या दानाची. ज्याजवळ पैसा नाहीं त्यानें, "मी या हंगामांत इतके दिवस सुवार्तेसाठीं देईन," असें सभेंत सांगावें, व तितके दिवस आपल्या खर्चानें खेड्यापाड्यांतून फिरावें. हिवाळ्यांत शेतीचें काम संपलें कीं शास्त्राभ्यासाचे वर्ग भरत. त्यांस लोक पाठीवर स्वतःच्या शिध्याचे तांदूळ बांधून कित्येक कोस बर्फांतून चालत येत. शिकावयास येणारानें आपली शिदोरी आपण आणावी, हा तेथील नियम आम्हांस मोठा मार्मिक वाटतो.

परंतु सर्वांनीं काम करावें असें म्हटलें कीं सर्वांनीं एका बैठकीवर बसावें हेंही ओघानेंच आलें, आणि खरी परीक्षा तेथें होती. जुन्या कोरियांत यांगबान म्हणजे कुलीन लोक सर्वांच्या वर होते, तर पेकचॉंग म्हणजे खाटीक सर्वांच्या खालीं. खाटकानें गांवापासून निराळ्या वस्तींत राहावें, आणि मोठ्या माणसासारखी घोड्याच्या केसांची काळी टोपी त्यानें घालूं नये, असा दंडक होता. सोल येथील पाक सॉंग-चुन हा असाच एक खाटीक. त्याचा मुलगा मूर या मिशनऱ्याच्या शाळेंत जाई. पाक आजारी पडला तेव्हां मूरसाहेबांनीं एव्हिसन डॉक्टरांस त्याच्या झोपडींत आणलें. हे एव्हिसन राजाचे वैद्य होते. ज्या हातानें राजाची नाडी पाहिली त्याच हातानें खाटकाची नाडी पाहिली, हें त्या वस्तीनें कधीं ऐकलेंही नव्हतें. १८९५ सालीं पाकचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वेळीं मंडळींतील कुलीन लोक उठून गेले. "निदान पुढील आसनें तरी आम्हांस राखून ठेवा," असें त्यांचें म्हणणें पडलें. मूरसाहेबांनीं तें मानलें नाहीं. मग त्या लोकांनीं आपली उपासना दुसरीकडे मांडली. तीन वर्षांनीं, १८९८ सालीं, दोन्ही मंडळ्या पुनः एक झाल्या. हीच पुढें सुंगदोंग मंडळी या नांवानें प्रसिद्धीस आली. १९११ सालीं पाक सॉंग-चुन त्या मंडळीचा वडील निवडला गेला. त्याचा मुलगा त्याआधीं १९०८ सालीं सेव्हरन्स वैद्यकशाळेच्या पहिल्या सात पदवीधरांत बसून डॉक्टर झाला होता. गांवकुसाबाहेरील वस्ती आणि मंदिरांतील बैठक हे विषय आपल्या मंडळ्यांसही परके नाहींत. तेव्हां या तीन वर्षांत त्या पाळकाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार वाचकांनीं करावा. मंडळीचा पैसेवाला भाग निघून गेला असतां आसनाचा प्रश्न न सोडणें सोपें नसतें.

दुसरी गोष्ट खेड्यांतील आहे, आणि ती आम्हांस याहूनही अधिक आवडते. उत्तर चॉल्ला प्रांतांत मोआक डोंगराच्या पायथ्याशीं गुमसान म्हणून गांव आहे. तेथें १९०८ सालीं बांधलेलें लांकडी प्रार्थनामंदिर अद्याप उभें आहे. त्याचा आकार काटकोनासारखा. एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस स्त्रिया, आणि कोपऱ्यांत पाळक, म्हणजे तो दोघांसही दिसे व त्यांनीं एकमेकांस पाहूं नये हा त्या काळचा शिष्टाचारही राही. पुरुषांच्या बाजूच्या आढ्यावर शास्त्रवचन चिनी अक्षरांत लिहिलेलें आहे, स्त्रियांच्या बाजूस हांगुल लिपींत. ही इमारत गांवचा जमीनदार चो तॉक-साम याच्या पुढाकारानें उभी राहिली. त्याच्या पदरीं ई चा-ईक नांवाचा एक पोरका मुलगा घोड्यांची चाकरी करी. तो दक्षिणेकडील नामहे बेटावरून पोट भरण्यासाठीं आलेला. धनी व चाकर दोघेही टेट नांवाच्या मिशनऱ्याच्या उपदेशानें ख्रिस्ती झाले. पुढें मंडळीस वडील निवडावयाचा प्रसंग आला. मतें मोजलीं, तों निवड घोडेवाल्याची झाली, जमीनदाराची नाहीं!

त्या क्षणीं मंदिरांत काय शांतता पसरली असेल! गांवांतील निम्म्याहून अधिक माणसें ज्याच्या जमिनीवर राबणारीं, त्यास डावलून त्याच्याच तबेल्यांतील मनुष्यास त्यांनीं वर बसविलें होतें. इतक्यांत चो तॉक-साम उठून उभा राहिला. मंडळीचा हा निर्णय आपणांस मान्य आहे, आणि ई यांस वडील मानून आपण मंडळीची सेवा करूं, असें त्यानें सर्वांसमक्ष सांगितलें. यानंतर घरीं तो धनी व हा चाकर, आणि मंदिरांत हा वडील व तो श्रोता, असा क्रम चालला. चोनें एवढ्यावर न थांबतां ई चा-ईक यास प्याँगयाँग येथील धर्मशिक्षणशाळेंत आपल्या खर्चानें पाठविलें, व तो शिकून आल्यावर त्यालाच गुमसान मंडळीचा पाळक म्हणून बोलाविलें. हा घोडेवाला पुढें प्रेस्बिटेरियन महासभेचा अध्यक्ष तीन वेळां झाला: १९२४, १९४७ व १९४८ सालीं. लोक ई चा-ईक यांची थोरवी गातात, तें योग्यच आहे. तथापि निवडणूक हरल्यावर मंदिरांतून उठून न जाणाऱ्या मनुष्याचें नांव आम्ही आधीं घेऊं.

आतां पाळकांकडे वळूं. कोरियन भाषेंत पाळकास मोक्सा म्हणतात. मोक म्हणजे गुरें चारणें, सा म्हणजे गुरु. एकाच नांवांत गुराखी व गुरुजी दोन्ही आले, आणि त्यास आदरार्थी 'निम' जोडून लहानथोर सर्व त्यांस मोक्सानिम म्हणून हांक मारतात. नांवानें कोणी हांक मारीत नाहीं. पहिले सात कोरियन प्रेस्बिटेरियन पाळक १९०७ सालच्या सप्टेंबरांत प्याँगयाँग येथें दीक्षित झाले. त्यांपैकीं एक, ई की-पुंग, यास पुढच्याच वर्षीं दूरच्या चेजू बेटावर सुवार्तिक म्हणून पाठविण्यांत आलें. म्हणजे मंडळीनें पाळक मिळाले तोंच त्यांतील एक देऊनही टाकला.

त्याच सालच्या जानेवारींत प्याँगयाँगच्या चांगदेह्यॉन मंदिरांत जी मोठी जागृति झाली तिचें वर्णन पुष्कळ ठिकाणीं आढळतें. वेल्स देशांतील व आपल्या खासी टेकड्यांवरील जागृतीच्या वार्ता तेथें आदल्या वर्षीं पोहोंचल्या होत्या. १९०५ सालीं पंडिता रमाबाईंच्या केडगांव येथील मुक्तिसदनांत असाच प्रकार घडला, हें आपणांस ठाऊकच आहे. कोरियांतील जागृतीचा एक विशेष येथें सांगितला पाहिजे. तिचा उगम पुढाऱ्यांच्या कबुलींत आहे. १९०३ सालीं वॉनसान येथें हार्डी या मिशनरी डॉक्टरानें आपलें काम निष्फळ होण्यास आपला गर्व कारण आहे असें मंडळीपुढें सांगितलें. प्याँगयाँग येथें गील सॉन-जू यांनीं उभें राहून सांगितलें कीं, मरणोन्मुख मित्रानें आपल्यावर विश्वासानें सोंपविलेल्या पैशांतील कांहीं रक्कम आपण ठेवून घेतली आहे. हे गील त्या वेळीं मंडळीचे वडील होते व लवकरच पाळक व्हावयाचे होते. अशा मनुष्यानें तोंड उघडल्यावर इतरांस गप्प बसवेना.

गील सॉन-जू यांचें दुसरें ऋण म्हणजे पहांटेची प्रार्थना. ख्रिस्ती होण्यापूर्वीं ते ताओ मार्गाची साधना करीत, व पहांटे उठणें त्यांच्या अंगवळणीं पडलें होतें. कोरियन घरांतील बायकाही भल्या पहांटे विहिरीचें पहिलें स्वच्छ पाणी वाटींत घेऊन त्यापुढें मुलाबाळांसाठीं हात जोडीत. ही जुनी वेळ मंडळीनें आपलीशी केली. पहांटे साडेचार-पांच वाजतां मंदिराचे दिवे लागतात. एक गीत, थोडा शास्त्रपाठ, लहानसा उपदेश, आणि मग दिवे मंद करून जो तो आपापल्या भाराखालीं प्रार्थना करीत बसतो. कोणी मोठ्यानें रडतो, कोणी पुटपुटतो; शेजारचा मान वर करीत नाहीं. काकडआरतीस जाणाऱ्या आपल्या वारकऱ्यास ही वेळ व ही थंडी ओळखीची वाटेल. पाळकास मात्र हें रोजचें आहे. पाऊस असो, बर्फ असो, आदल्या रात्रीं कोणाच्या मयतास जाऊन उशीर झालेला असो, तो सर्वांच्या आधीं आलेला पाहिजे व सर्वांच्या मागून उठला पाहिजे.

दिवसाचें काम म्हणजे घरोघरच्या भेटी. वसंत ऋतूंत व शरद् ऋतूंत तर मंडळींतील प्रत्येक घरीं जाण्याची मोठी फेरी निघते, तिला तेसिम्बांग म्हणतात. पाळक, एक-दोन वडील, व घराघरांतील खडान्खडा माहिती असलेली एखादी वयस्क बाई, अशी ही मंडळी दारीं येते. बिछायतीवर बसून गीत, पाठ, दोन शब्द आणि प्रार्थना होते. मग घरवाली फळें चिरून पुढें ठेवते, आणि खरें बोलणें तेव्हां निघतें. मुलाची परीक्षा, सुनेचा अबोला, दुकानाचें कर्ज! दिवसाकांठीं सात-आठ घरें, आणि प्रत्येक घरीं फळांची बशी. नाहीं म्हणणें अशिष्टपणाचें. पाळकाच्या पोटाची कींव करावी कीं हेवा करावा, हें आम्हांस ठरवितां येत नाहीं. नवें घर घेतलें, दुकान उघडलें, मूल शंभर दिवसांचें झालें, आजोबा साठीस पोहोंचले, कीं पाळक हवाच. मयत झालें तर तीन दिवस मंडळी त्या घरची होते: शवपेटींत ठेवतांना एक उपासना, घरून निघतांना एक, थडग्यापाशीं एक. पितरांपुढें नैवेद्य ठेवून दंडवत घालण्याचा जुना विधि ख्रिस्ती लोकांनीं सोडला, परंतु वडिलांची आठवण सोडली नाहीं. पुण्यतिथीस घरीं स्मरणोपासना होते, व तीस गैरख्रिस्ती भाऊबंदही येऊन बसतात.

मंडळीचा पाळक हा असा तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचलेला असतो. त्यामुळें त्याचा शब्द जड होतो, आणि जड झालेला शब्द कोणाकडे झुकतो हा प्रश्न पुढें येतो. १९३८ सालच्या सप्टेंबरांत प्याँगयाँग येथें प्रेस्बिटेरियन महासभा भरली तेव्हां जपानी पोलीस प्रतिनिधींच्या मध्यें बसले होते. शिंतो देवळापुढें वांकणें हा धर्मविधि नसून देशभक्तीचें कर्तव्य आहे, असा ठराव तेथें मांडला गेला. अध्यक्षांनीं "मान्य आहे काय?" एवढेंच विचारलें; अमान्य कोणास आहे, हें विचारलेंच नाहीं. सांजॉंगह्यॉन मंडळीचे पाळक चू की-चॉल यांनीं मात्र तें कधींही मान्य केलें नाहीं. १९४४ सालच्या एप्रिलांत ते तुरुंगांत मरण पावले.

देशाची १९४५ सालीं फाळणी झाली. उत्तरेकडील पुष्कळ ख्रिस्ती लोक दक्षिणेस आले, आणि त्यानंतरच्या अर्धशतकांत सोल शहरीं जगांतील अतिशय मोठ्या मंडळ्या वाढल्या. त्या वाढीची सर्व कारणें येथें सांगत नाहीं. एक मासला पुरे. चो योंग-गी यांनीं १९५८ सालीं एका तंबूंत चार-पांच माणसांनिशीं सुरू केलेली मंडळी कांहीं वर्षांतच इतकी मोठी झाली कीं, सर्व कामें एकट्यानें करतां करतां १९६४ सालीं ते कोसळले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनीं काम वांटून देण्याचा विचार केला. पुरुष मागेंपुढें पाहूं लागले, तेव्हां घरोघरचे लहान गट स्त्रियांच्या हातीं दिले गेले. ज्या समाजांत स्त्रीनें पुरुषांपुढें बोलणेंही कठीण होतें, तेथें मंडळीचा सारा विस्तार या बायकांनीं पेलला. आणि तरी प्रेस्बिटेरियन पंथाच्या एका मोठ्या शाखेस स्त्रियांना पाळकाची दीक्षा देण्याचें ठरविण्यास १९९४ साल उजाडावें लागलें! सॉंगमीची पिशवी जिच्या हातीं पहिल्यापासून, तिला उपदेशपीठ सर्वांच्या शेवटीं मिळालें.

मोठ्या मंडळीबरोबर मोठा पैसाही आला. याच चो योंग-गी यांस मंडळीच्या पैशाचें नुकसान केल्याच्या आरोपावरून सोल येथील न्यायालयानें २०१४ सालीं दोषी ठरविलें. कित्येक ठिकाणीं बापाचें उपदेशपीठ मुलास मिळूं लागलें, जणूं तें वतनच! त्यावर ओरड झाली, व वर सांगितलेल्या प्रेस्बिटेरियन शाखेनें २०१३ सालीं असा वारसा चालवूं नये म्हणून नियम केला. पण नियम झाल्यावरही वाद मिटलेले नाहींत. २०१५ सालच्या शिरगणतींत देशांतील सुमारें शेंकडा २० लोकांनीं आपण प्रॉटेस्टंट असल्याचें सांगितलें, आणि निम्म्याहून अधिक लोकांनीं आपला कोणताच धर्म नाहीं असें लिहविलें. तरुण लोक मंडळीपासून दूर कां राहतात, याचीं कारणें तेथील विचारी माणसें शोधतात तेव्हां उपदेशपीठाच्या वतनदारीचें नांव त्यांत येतेंच.

उलट बाजूचें एक उदाहरण सांगून हा लेख पुरा करतों. हान क्युंग-चिक हे उत्तरेकडून पळून आलेले पाळक. १९४५ सालच्या डिसेंबरांत सोल येथें २७ निर्वासितांनिशीं त्यांनीं जी मंडळी सुरू केली तीच आजची योंगनाक मंडळी होय. हजारों माणसें त्यांच्या शब्दावर चालत. परंतु १९७३ सालीं त्यांनीं काम सोडलें, पीठ मुलाच्या हातीं दिलें नाहीं, आणि नामहान डोंगरावर एका लहानशा घरांत ते राहूं लागले. १९९२ सालीं त्यांस टेंपलटन पारितोषिक मिळालें, तेव्हां सोल येथें त्यांच्या सत्कारासाठीं सभा भरली. त्या वेळीं त्यांचें वय ८९ वर्षांचें होतें. मानपत्रें व भाषणें झाल्यावर उत्तर देण्यासाठीं ते उठले, आणि जपानी अमदानींत आपण शिंतो देवळापुढें वांकलों होतों, तें पाप आपल्या पदरीं आहे, असें त्यांनीं भरसभेंत सांगितलें. त्या गोष्टीस तेव्हां पन्नासांहून अधिक वर्षें झालीं होतीं, आणि त्यांना कोणीही ती विचारली नव्हती.